टॅक्स कोडमधील ‘एस’: स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील प्राप्तिकराचा फरक कसा मोजावा आणि कसा हाताळावा

पगारपत्रकावरील ‘१२५७ एल’ या टॅक्स कोडच्या (पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या खुणेच्या) आधी ‘एस’ हे एक अक्षर आले, की ब्रिटनमधील नोकरदाराच्या प्राप्तिकराचे टप्पे आणि दर दोन्ही बदलतात. समजा, एकाच कंपनीत एकाच पदावर काम करणाऱ्या दोघांचा वार्षिक पगार ५०,००० पौंड आहे. एकाचे घर एडिनबराच्या लीथ भागात आहे आणि दुसऱ्याचे यॉर्कशायरमधील लीड्समध्ये. लीथच्या रहिवाशाला २०२५-२६ या करवर्षात सुमारे १,५२८ पौंड, म्हणजे महिन्याला साधारण १२७ पौंड, अधिक प्राप्तिकर भरावा लागतो. हेच दोघे २५,००० पौंड कमावत असते, तर लीथच्या रहिवाशाने २८ पौंड कमी कर भरला असता. ‘स्कॉटलंडमध्ये कर फार’ हे वाक्य नोकरी बदलताना किंवा ग्लासगोला बदली मिळत असताना आपल्याकडच्या मंडळींच्या कानावर हमखास पडते. ते अर्धवट खरे आहे. किती खरे आहे, ते ज्याने त्याने स्वतःच्या आकड्यांवरून ठरवायचे असते आणि ते कसे ठरवावे हाच या लेखाचा विषय आहे.

लेखातील सर्व आकडे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ या करवर्षाचे आहेत. स्कॉटलंडचे दर व टप्पे होलीरूड येथील स्कॉटिश संसद दरवर्षी करवर्ष सुरू होण्यापूर्वी ठरावाद्वारे मंजूर करते. त्यामुळे इतर वर्षांसाठी रीत हीच वापरावी, आकडे मात्र त्या त्या वर्षाचे घ्यावेत.

हा फरक आला कुठून

१९९७ च्या सार्वमतात स्कॉटलंडच्या मतदारांना दोन प्रश्न विचारले गेले होते. त्यांतील दुसरा प्रश्न नव्या संसदेला कर बदलण्याचा अधिकार द्यावा का, हा होता. त्यातून मूळ दर पौंडामागे तीन पेन्सपर्यंत कमीजास्त करण्याचा अधिकार मिळाला, पण तो कधीच वापरला गेला नाही. २०१२ च्या स्कॉटलंड कायद्यानुसार एप्रिल २०१६ पासून स्वतंत्र स्कॉटिश दर अस्तित्वात आला. पहिल्या वर्षी तो उर्वरित ब्रिटनइतकाच ठेवला गेल्यामुळे कोणाच्या खिशात फरक पडला नाही. खरा बदल २०१६ च्या कायद्याने घडवला. त्यामुळे एप्रिल २०१७ पासून दरांबरोबर टप्पे ठरवण्याचा अधिकारही होलीरूडकडे आला. २०१८-१९ मध्ये तीन टप्प्यांचे पाच झाले आणि २०२४-२५ मध्ये ४५ टक्क्यांचा आणखी एक टप्पा घालून ते सहा झाले.

हा अधिकार मर्यादित आहे, ही बाब सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. करमुक्त रक्कम, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेसाठी कमाईतून कापली जाणारी सक्तीची वर्गणी), बचतीवरील व्याज, लाभांश, भांडवली नफा आणि कंपनीवरील कर हे सर्व विषय लंडनच्याच हाती आहेत. करवसुलीही एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचे कर खातेच, करते. ‘रेव्हेन्यू स्कॉटलंड’ नावाची वेगळी संस्था आहे, पण ती घरखरेदीवरील करासारखे मोजके कर गोळा करते आणि प्राप्तिकराशी तिचा संबंध नाही. त्यामुळे प्राप्तिकराविषयी पत्र, परतावा किंवा तक्रार काहीही असले तरी ते एचएमआरसीकडेच पाठवायचे असते.

पहिली पायरी: आपण स्कॉटिश करदाते आहोत का, हे ठरवा

येथे सर्वाधिक गोंधळ होतो आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ एकाच समजुतीत असते. कार्यालय जिथे, तिथला कर, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात कार्यालय, कंपनीची नोंदणी, बँक खाते, जन्मस्थान, नागरिकत्व किंवा व्हिसा यांतील कशालाही येथे महत्त्व नाही. प्रश्न एवढाच असतो, की आपले राहते घर कुठे आहे.

ट्वीड नदीच्या मुखाशी असलेले बेरिक हे गाव इंग्लंडमध्ये आहे आणि तिथून रोज आगगाडीने एडिनबराला नोकरीसाठी जाणारे लोक आहेत. त्यांचा सगळा पगार स्कॉटलंडमध्ये कमावलेला असला, तरी ते इंग्लंडच्या दराने कर भरतात. उलट, ग्रेटना येथे राहून सीमेपलीकडच्या कार्लाइलमध्ये काम करणारा माणूस स्कॉटिश करदाता ठरतो. लंडनच्या कंपनीसाठी ॲबरडीनमधील घरी बसून काम करणाऱ्या संगणक अभियंत्यालाही हाच नियम लागू होतो.

तपासणीचा क्रम असा आहे. प्रथम आपण त्या करवर्षात करासाठी ब्रिटनचे रहिवासी आहोत का, हे पाहावे. नसल्यास स्कॉटिश करदाता होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रहिवासी असल्यास आणि ब्रिटनमध्ये आपले एकच राहते घर असल्यास, ते जिथे असेल त्यावर निर्णय होतो. वर्षभरात घर बदलले असेल किंवा एकाच वेळी दोन घरे असतील, तर मुख्य घर कोणते ते ठरवावे लागते. हे मुख्य घर स्कॉटलंडमध्ये जितके दिवस होते, त्याहून अधिक दिवस ते इंग्लंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंड यांपैकी कोणत्याही एका भागात नसेल, तर आपण स्कॉटिश करदाते ठरतो. याही कसोटीने निर्णय लागत नसेल, तरच मध्यरात्री आपण कुठे होतो, त्या दिवसांची मोजणी केली जाते.

मुख्य घर म्हणजे केवळ अधिक रात्री जिथे काढल्या ते घर, असे समजू नये. पती सोमवार ते गुरुवार लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहतो, पत्नी आणि मुले ग्लासगोला आहेत, मुलांची शाळा, कुटुंबाचा डॉक्टर, मतदारयादीतील नाव, बँकेची पत्रे आणि बहुतांश सामान ग्लासगोच्या पत्त्यावर आहे, अशा परिस्थितीत लंडनमध्ये जास्त रात्री काढूनही त्याचे मुख्य घर ग्लासगोचे ठरण्याची शक्यता अधिक. या बाबी एकत्रितपणे पाहिल्या जातात. ज्यांची दोन घरे आहेत, त्यांनी भाडेकरार, वीजबिले आणि प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत.

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की हा दर्जा संपूर्ण करवर्षासाठी एकच असतो. अर्धे वर्ष स्कॉटिश आणि अर्धे इंग्लिश अशी विभागणी होत नाही. एडिनबराहून १ नोव्हेंबरला लंडनला स्थलांतर करणाऱ्याचे घर ६ एप्रिलपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत २०९ दिवस स्कॉटलंडमध्ये होते. त्यामुळे लंडनमध्ये काढलेल्या उरलेल्या पाच महिन्यांच्या पगारावरही त्याला स्कॉटिश दरच लागतो. लंडनहून १ डिसेंबरला ग्लासगोला गेलेल्याचे याच्या नेमके उलट होते. ग्लासगोतील पहिला हिवाळा तो इंग्लंडच्या दरात काढतो. ज्यांना स्थलांतराची तारीख थोडीफार पुढेमागे करता येते आणि ज्यांचा पगार बराच आहे, त्यांनी ऑक्टोबरचा पहिला आठवडा ही वर्षाची मधली रेषा ध्यानात ठेवावी.

दुसरी पायरी: टॅक्स कोड वाचा आणि पत्ता एचएमआरसीला कळवा

‘एस’ म्हणजे स्कॉटलंड आणि ‘सी’ म्हणजे वेल्स. वेल्सलाही २०१९ पासून दराबाबत अधिकार आहे, पण त्यांनी दर इंग्लंडइतकाच ठेवल्यामुळे तिथे केवळ अक्षर बदलते. इंग्लंड व उत्तर आयर्लंडच्या कोडला आधी कोणतेही अक्षर नसते. १२५७ हा आकडा १२,५७० पौंडांच्या करमुक्त रकमेतून येतो आणि ही रक्कम सगळीकडे सारखीच आहे.

कंपनी आपला कोड स्वतःहून बदलू शकत नाही. एचएमआरसीने कळवले, तरच तो बदलतो आणि एचएमआरसी तिच्याकडे नोंद असलेल्या पत्त्यावरून ठरवते. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला नवा पत्ता दिला, म्हणजे काम झाले असे मानून अनेक जण निवांत राहतात. पुढच्या वर्षी थकबाकीचे पत्र आले, की त्यांना आपली चूक कळते. म्हणून घर बदलल्यावर एचएमआरसीच्या संकेतस्थळावरील वैयक्तिक कर खात्यातून किंवा त्यांच्या ॲपमधून पत्ता स्वतः बदलावा. पाच मिनिटांचे काम आहे.

ज्यांची दुसरी नोकरी किंवा दुसरे निवृत्तिवेतन आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. इंग्लंडमध्ये ‘डी ०’ हा कोड ४० टक्क्यांचा आहे, तर स्कॉटलंडमध्ये ‘एस डी ०’ हा २१ टक्क्यांचा. स्कॉटलंडमध्ये ४२ टक्क्यांसाठी ‘एस डी १’, ४५ टक्क्यांसाठी ‘एस डी २’ आणि ४८ टक्क्यांसाठी ‘एस डी ३’ हे कोड आहेत. इंग्लंडमधील मित्राचा कोड पाहून स्वतःच्या कोडचा अर्थ लावू नये.

तिसरी पायरी: टप्प्याटप्प्याने कर मोजा

इंग्लंडमध्ये १२,५७० पौंडांच्या पुढे ५०,२७० पर्यंत २० टक्के, तिथून १,२५,१४० पर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे ४५ टक्के असा सरळ हिशेब आहे. स्कॉटलंडचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत:

१२,५७१ ते १५,३९७ पौंड: १९ टक्के
१५,३९८ ते २७,४९१ पौंड: २० टक्के
२७,४९२ ते ४३,६६२ पौंड: २१ टक्के
४३,६६३ ते ७५,००० पौंड: ४२ टक्के
७५,००१ ते १,२५,१४० पौंड: ४५ टक्के
१,२५,१४० पौंडांच्या पुढे: ४८ टक्के

५०,००० पौंड पगाराचे उदाहरण हातानेच सोडवून पाहू. पहिल्या टप्प्यातील २,८२७ पौंडांवर १९ टक्क्यांनी ५३७.१३ पौंड, दुसऱ्यातील १२,०९४ वर २० टक्क्यांनी २,४१८.८० आणि तिसऱ्यातील १६,१७१ वर २१ टक्क्यांनी ३,३९५.९१ पौंड होतात. ही बेरीज ६,३५१.८४ आहे. ४३,६६२ च्या वर उरलेल्या ६,३३८ पौंडांवर ४२ टक्क्यांनी २,६६१.९६ पौंड लागतात आणि एकूण कर ९,०१३.८० पौंड होतो. इंग्लंडमध्ये ३७,४३० पौंडांवर २० टक्के, म्हणजे ७,४८६ पौंड. फरक १,५२७.८० पौंडांचा. ६,३५१.८४ हा आकडा वहीत लिहून ठेवावा. पगार ४३,६६२ च्या वर आणि ७५,००० च्या आत असेल, तर वरच्या रकमेचे ४२ टक्के त्यात मिळवले की उत्तर मिळते.

याच रीतीने इतर पगार मोजले, की चित्र स्पष्ट होते. दोन्हीकडचा कर सुमारे ३०,३१८ पौंडांवर सारखा होतो आणि त्याखाली स्कॉटलंडमध्ये किंचित फायदा असतो. ३५,००० पौंडांवर स्कॉटलंडमध्ये केवळ ४७ पौंड जास्त जातात. ६०,००० वर फरक १,७८२ पौंडांचा, ८०,००० वर २,३३२ चा, १,००,००० वर ३,३३२ चा आणि १,२५,१४० वर ५,२१७ पौंडांचा आहे. माझ्या मते पस्तीस हजारांच्या आतबाहेर पगार असलेल्याने केवळ प्राप्तिकराच्या भीतीने स्कॉटलंडमधील नोकरी नाकारणे शहाणपणाचे नाही. भाडे, कौन्सिल टॅक्स (स्थानिक घरपट्टी) आणि प्रवासखर्च यांतला फरक त्याच्यासाठी कितीतरी मोठा असतो.

चौथी पायरी: ४३,६६२ आणि ५०,२७० यांमधील पट्टी समजून घ्या

दोन्ही देशांतील फरकाचे मर्म या साडेसहा हजार पौंडांच्या पट्टीत आहे. नॅशनल इन्शुरन्स लंडनच्या नियमांनी चालतो. नोकरदाराला १२,५७० ते ५०,२७० या मर्यादेत ८ टक्के आणि त्यापुढे २ टक्के द्यावे लागतात. इंग्लंडमध्ये प्राप्तिकराचा वरचा दर आणि नॅशनल इन्शुरन्समधील घट एकाच ठिकाणी, ५०,२७० वर, येतात, कारण हे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळवून ठेवलेले आहेत. स्कॉटलंडमध्ये प्राप्तिकराचा वरचा दर आधीच, ४३,६६२ वर, सुरू होतो, पण नॅशनल इन्शुरन्सचा ८ टक्क्यांचा दर मात्र ५०,२७० पर्यंत चालूच राहतो.

परिणामी या पट्टीत वाढलेल्या प्रत्येक पौंडातून ४२ आणि ८ मिळून ५० पेन्स कापले जातात. इंग्लंडमध्ये त्याच पौंडातून २८ पेन्स जातात. गंमत अशी, की ५०,२७० च्या वर गेल्यावर स्कॉटलंडमधील कपात ४४ पेन्सवर उतरते, म्हणजे पगार वाढूनही पुढच्या पौंडावरची कपात घटते. स्वयंरोजगारात असलेल्यांना या पट्टीत नॅशनल इन्शुरन्स ६ टक्के असल्यामुळे एकूण ४८ टक्के भरावे लागतात. अनुभवी परिचारिका, शिक्षक, मध्यम स्तरावरील संगणक अभियंते आणि प्रशिक्षण घेणारे डॉक्टर असे बरेच जण याच पट्टीत किंवा तिच्या आसपास असतात. त्यामुळे जादा पाळ्या घेताना हातात निम्मेच पैसे पडतील, हे त्यांनी आधीच गृहीत धरावे.

दुसरी अशीच पट्टी १,००,००० ते १,२५,१४० पौंडांची आहे. लाखाच्या वरच्या प्रत्येक दोन पौंडांमागे करमुक्त रकमेतून एक पौंड कमी होतो. म्हणून प्रत्यक्ष दर इंग्लंडमध्ये ६० टक्के, तर स्कॉटलंडमध्ये ६७.५ टक्के पडतो. नॅशनल इन्शुरन्सचे २ टक्के धरता या पट्टीत १,००० पौंडांची वाढ मिळाली, तर इंग्लंडमध्ये ३८० पौंड आणि स्कॉटलंडमध्ये ३०५ पौंड हाती येतात.

विवाहित जोडप्यांनी आणखी एक बाब पाहावी. जोडीदाराचे उत्पन्न १२,५७० पौंडांच्या आत असेल, तर त्याच्या करमुक्त रकमेतील १,२६० पौंड दुसऱ्याच्या नावे करून वर्षाला २५२ पौंड वाचवता येतात. ही सवलत घेणारा इंग्लंडमध्ये ५०,२७० पौंडांपर्यंत कमावू शकतो. स्कॉटलंडमध्ये मात्र तो १९, २० किंवा २१ टक्क्यांच्या टप्प्यांतच, म्हणजे ४३,६६२ पर्यंत, असावा लागतो. अवलंबित व्हिसावर आलेला आणि अजून नोकरी न लागलेला जोडीदार घरी असलेल्या कुटुंबांमध्ये ही सवलत अनेकदा मागायचीच राहून जाते. पात्र असल्यास मागील चार वर्षांचीही मागता येते.

पाचवी पायरी: उत्पन्नाचे प्रकार वेगळे करा

स्कॉटिश दर पगार, निवृत्तिवेतन, स्वयंरोजगाराचा नफा आणि घरभाडे यांना लागतात. व्याज आणि लाभांश यांवर सगळीकडे एकच दर आणि एकच टप्पे आहेत. हिशेब करताना आधी पगार व भाडे, मग व्याज आणि शेवटी लाभांश असा क्रम धरायचा असतो.

समजा, ग्लासगोतील एकाचा पगार ४७,००० पौंड आहे आणि बँकेतून १,५०० पौंड व्याज मिळाले. त्याच्या पगाराचा वरचा भाग ४२ टक्क्यांत जातो, म्हणून व्याजही त्याच दराने करपात्र होईल असे त्याला वाटेल. पण व्याजासाठी ५०,२७० ची ब्रिटनभरची मर्यादाच पाहिली जाते. त्याचे एकूण उत्पन्न तिच्या आत असल्यामुळे १,००० पौंड व्याजावर कर नाही आणि उरलेल्या ५०० वर २० टक्क्यांनी १०० पौंड लागतात. भांडवली नफ्याचे टप्पेही असेच ब्रिटनभर समान आहेत. स्वतःच्या लहान कंपनीतून करमुक्त रकमेइतका पगार आणि बाकी लाभांश घेणाऱ्याला तर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांत प्राप्तिकराचा काहीच फरक पडत नाही.

भारतात घर किंवा ठेवी असलेल्यांसाठी हा भेद विशेष कामाचा आहे. ब्रिटनचा रहिवासी असलेल्या माणसाचे जगभरातील उत्पन्न साधारणपणे ब्रिटनमध्ये करपात्र असते. त्याआधीची सलग दहा वर्षे ब्रिटनबाहेर काढून नव्याने आलेल्यांना एप्रिल २०२५ पासून पहिल्या चार वर्षांसाठी परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते, पण ती मागितल्यास त्या वर्षाची करमुक्त रक्कम सोडावी लागते. म्हणून भारतातील उत्पन्न थोडे असलेल्या नोकरदाराला ही सवलत बहुधा तोट्याचीच पडते. अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यावरील व्याजाला भारतात कर नाही, म्हणून ते ब्रिटनमध्येही दाखवायचे नसते, ही समजूत सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे.

पुण्यातील सदनिकेच्या भाड्यातून खर्च वजा जाता वर्षाला ३,००० पौंड उरतात आणि इकडचा पगार ४६,००० पौंड आहे, असे धरू. भाडे हे बचतीचे उत्पन्न नसल्यामुळे एडिनबराच्या रहिवाशाला त्यावर ४२ टक्क्यांनी १,२६० पौंड कर येतो आणि लंडनच्या रहिवाशाला २० टक्क्यांनी ६०० पौंड. भारतात या भाड्यावर ४०० पौंडांइतका कर भरला असेल, तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तो वजा होऊन अनुक्रमे ८६० आणि २०० पौंड उरतात. त्याच पैशाची ठेव असती, तर तिच्या व्याजावर दोघांना सारखाच कर लागला असता. भारताचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला आणि ब्रिटनचे ५ एप्रिलला संपते, हे लक्षात घेऊन भाड्याच्या तारखा जुळवून घ्याव्यात.

सहावी पायरी: पेन्शनचा वापर करा

स्कॉटलंडमधील जास्त दराची धार कमी करण्याचा सर्वांत सोपा आणि पूर्णपणे कायदेशीर मार्ग पेन्शन हाच आहे. जिथे कर जास्त, तिथे पेन्शनवरची सवलतही जास्त मिळते.

कंपनीत पगारातून वर्गणी वळती करण्याची ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ सोय असेल, तर ५०,००० पौंडवाल्याने ६,३३८ पौंड पेन्शनकडे वळवून करपात्र पगार ४३,६६२ वर आणावा. प्राप्तिकराचे २,६६१.९६ आणि नॅशनल इन्शुरन्सचे ५०७.०४ पौंड वाचतात, म्हणजे पेन्शन खात्यात ६,३३८ पौंड जमा होतात आणि हातचा पगार बरोबर निम्म्याने, ३,१६९ पौंडांनी, कमी होतो. लंडनमध्ये तेवढीच रक्कम वळवायला हातचे ४,५६३ पौंड द्यावे लागतात. वर सांगितलेली २५२ पौंडांची विवाहित सवलतही उत्पन्न या पातळीला आल्यामुळे पुन्हा मिळू शकते. मात्र २,००० पौंडांच्या वरच्या अशा वर्गणीवर एप्रिल २०२९ पासून नॅशनल इन्शुरन्स लावण्याचे ब्रिटिश सरकारने जाहीर केले आहे, हे दीर्घ नियोजन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. ज्यांना पुढच्या वर्षी घर घ्यायचे आहे, त्यांनीही थोडा विचार करावा, कारण पेन्शनमधील पैसा निवृत्तीच्या वयापर्यंत अडकून पडतो आणि कागदोपत्री पगार घटल्यामुळे कर्जाची रक्कम कमी होऊ शकते.

दुसरा प्रकार खासगी पेन्शनचा. त्यात आपण कर भरून झालेल्या पैशातून वर्गणी देतो आणि पेन्शन कंपनी एचएमआरसीकडून २० टक्के मिळवून खात्यात टाकते. स्कॉटलंडमध्येही ती २० टक्केच मिळवते. १९ टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाकडून वरचा एक टक्का परत मागितला जात नाही. पण २१ टक्के भरणाऱ्याने उरलेला १ टक्का, ४२ टक्के भरणाऱ्याने २२, ४५ टक्के भरणाऱ्याने २५ आणि ४८ टक्के भरणाऱ्याने २८ टक्के स्वतः मागून घ्यायचे असतात. ५०,००० पौंड पगाराच्या माणसाने ४,००० पौंड भरले, की खात्यात ५,००० जमा होतात आणि त्याला आणखी १,१०० पौंड कर परत मिळू शकतो, पण मागितला तरच. इंग्लंडमध्ये याच पगारावर मागण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून तिकडून स्कॉटलंडला आलेल्यांना ही मागणी करायची सवयच नसते. धर्मादाय संस्थांना ‘गिफ्ट एड’खाली दिलेल्या देणग्यांनाही हेच तत्त्व लागू आहे.

मागणी कशी करायची, हे आपली पेन्शन कोणत्या पद्धतीची आहे यावर ठरते. कर कापण्यापूर्वीच पगारातून वर्गणी जात असेल, तर पूर्ण सवलत आपोआप मिळते आणि काहीही करावे लागत नाही. एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, पेन्शन या प्रकारात मोडते. पगारपत्रकावरील करपात्र पगाराचा आकडा एकूण पगारापेक्षा वर्गणीइतका कमी दिसत असेल, तर सवलत मिळाली आहे असे समजावे. दोन्ही आकडे सारखे असतील, तर पेन्शन कंपनीकडून वार्षिक विवरण मागवावे आणि सेल्फ असेसमेंट विवरणपत्रात किंवा एचएमआरसीला कळवून फरक मागावा.

सातवी पायरी: वर्षअखेरीस पडताळा घ्या

मे अखेरपर्यंत कंपनीकडून पी ६०, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला, मिळतो. त्यावरील टॅक्स कोडला ‘एस’ आहे की नाही, हे पहिल्या पायरीतील निष्कर्षाशी ताडून पाहावे आणि कापलेला कर तिसऱ्या पायरीतील रीतीने मोजलेल्या आकड्याशी जुळतो का ते बघावे. वर्षाच्या मध्यावर कोड बदलला असेल, तर एखाद्या महिन्यात अचानक मोठी कपात किंवा मोठी परतफेड दिसते. कोड एप्रिलपासूनचा हिशेब धरून चालत असल्यामुळे मागची सगळी तफावत एकाच पगारात भरून निघते. त्यात चूक असेलच असे नाही. कोडच्या शेवटी ‘एम १’ किंवा ‘एक्स’ असेल, तर मात्र प्रत्येक महिना स्वतंत्र धरला जातो आणि तफावत वर्षअखेरपर्यंत तशीच राहते.

पगाराखेरीज अन्य उत्पन्न नसलेल्यांना एचएमआरसी सहसा पी ८०० हे हिशेबपत्र पाठवून कमीजास्त झालेला कर कळवते. विवरणपत्र भरणाऱ्यांनी त्यातील रहिवासाच्या प्रश्नाचे उत्तर काळजीपूर्वक द्यावे, कारण संगणक त्याच उत्तरावरून दर निवडतो आणि कोडमध्ये झालेली चूक तिथे दुरुस्त होते. पहिल्यांदाच विवरणपत्र भरायचे असेल, तर करवर्षानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन विवरणपत्र व भरणा पूर्ण करावा. जास्त भरलेला कर करवर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत परत मागता येतो. त्यामुळे इंग्लंडला जाऊन दोन-तीन वर्षे झाली तरी पगारपत्रकावर ‘एस’ तसाच राहिला असेल, तर घरभाड्याचा करार आणि कौन्सिल टॅक्सची बिले जोडून मागच्या प्रत्येक वर्षासाठी वेगळी मागणी करावी.